पंचावन्नच्या वेगाने मर्व्ह गिलक्रिस्ट

तुइरोआच्या खोऱ्यातल्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी शंभर किलोमीटर होती आणि मर्व्ह गिलक्रिस्टचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नव्हता. तो पंचावन्नने जायचा. उतारावर फार तर सत्तावन्न, आणि तेव्हाही ब्रेकवर पाय ठेवून.

रस्ता शेहेचाळीस किलोमीटरचा. एका टोकाला मर्व्हचं घर, दुसऱ्या टोकाला हॅम्बरी गाव आणि मधे नुसती वळणं. पुढच्या गाडीला मागे टाकावं असा सरळ पट्टा एकच, तोही वेन टास्करच्या गोठ्यासमोर, आणि तिथे नेमक्या त्याच वेळी वेनच्या चारशे गायी दूध देऊन रस्ता ओलांडत असतात. त्यामुळे सकाळी नऊला मर्व्हची निळी पिकअप फाटकाबाहेर पडली, की तिच्यामागे वरात लागायची. दुधाचा टँकर, मेंढ्यांचा ट्रक, जनावरांची डॉक्टरीण, पोस्टाची गाडी, शिवाय वाट चुकलेले दोन-चार पर्यटक. मर्व्ह आरशात बघायचा आणि शेजारच्या सीटवरच्या कुत्रीला म्हणायचा, "आज रहदारी फार आहे बुवा."

तो भित्रा होता म्हणून हळू जायचा, असं मात्र समजू नका. तरुणपणी ह्याच माणसाने मेंढ्यांनी भरलेला ट्रक ब्रेक गेलेला असताना घाटातून उतरवला होता आणि खाली आल्यावर शांतपणे बिअर मागितली होती. हळू जायचं कारण साधं होतं. त्याला दुसऱ्याच्या शेतात डोकवायचं असायचं. कुणाचा मेंढा लंगडतोय, कुणी गवत ओलं असतानाच कापलं, कुणाच्या कुंपणाची तार तुटली, ह्याची सगळी खबर घेत घेत तो गावात पोचायचा. शंभरने गेलं तर लोकांचं काय चुकलंय ते दिसणार कसं, असा त्याचा सवाल होता.

दुसरं म्हणजे बोट. आमच्याकडे समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दाखवायचं असतं. हात हलवायचा नाही, तो शहरी चावटपणा झाला. नुसतं बोट. ते उचललं नाही, तर संध्याकाळच्या आत फोन येतो की काय झालं, काही राग आहे का. दोन सख्खे भाऊ एका मेंढ्यावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, पण रस्त्यात भेटले की बोट उचलायचे. मर्व्ह तर ट्रॅक्टरला, सायकलवाल्याला, इतकंच काय, रस्ता करणाऱ्या रोलरलासुद्धा बोट उचलायचा.

आणि तो रोज गावात जायचा तो नोलीनसाठी. नोलीन त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि तिला हॅम्बरीच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. अंग गेलं, पण जीभ शाबूत होती, उलट तिला दोन अंगांचं बळ आलं होतं. मर्व्ह तिला पेपरातले मेंढ्यांचे भाव वाचून दाखवायचा, ती त्याला चुकीचं वाचतोस म्हणायची, मग दोघं एका वाडग्यातलं सूप प्यायची. दुपारी दोनला तो निघायचा, कारण घरी चाळीस मेंढ्या आणि तीन कोंबड्या वाट बघत असायच्या. तीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. पूर आला तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी तो पंचवीसने गेला होता.

तर त्या वर्षी कौन्सिलला वाटलं की शंभर फार होतात, ऐंशी करावेत. आधी लोकांची मतं घ्यायची म्हणून एक मुलगी हातात टॅबलेट घेऊन फाटकाफाटकाशी हिंडली. मर्व्हने तिला चहा पाजला आणि पाऊण तास आपलं मत दिलं. शंभर म्हणजे शंभर, एकही कमी नाही. माझ्या बापाने हा रस्ता फावड्याने केलाय, मला किती वेगाने जायचं ते कुणी ऑफिसातला पोरगा सांगणार नाही. मुलीने विचारलं, "साधारण किती वेगाने चालवता?" मर्व्ह म्हणाला, "तो माझा खाजगी प्रश्न आहे."

मग हॉलमध्ये सभा झाली. बायकांनी ताटं आणली होती, चीज रोल, खोबरं लावलेले लॅमिंग्टन केक, अंडं घातलेली खारी पेस्ट्री, त्यामुळे पुरुषही झाडून हजर होते. एक गोष्ट त्या सभेत स्पष्ट झाली, ती ही, की खोऱ्यात वाईट गाडी चालवणारं एकही माणूस नाही. जे काय वाईट आहे ते बाहेरून येतं. पर्यटक वाईट, शहरवाले वाईट, पलीकडच्या खोऱ्यातले तर विचारूच नका. पियानो शिकवणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आयलीन पर्डीबाई उठून म्हणाल्या, "मी नियमानेच चालवते. पण उतारावर माझी गाडी आपणहून एकशेवीसला जाते, तिला मी काय करू?" ट्रकवाला म्हणाला, आधी खड्डे बुजवा, मग आम्हाला अक्कल शिकवा. त्याला टाळ्या पडल्या.

मग हुइया उभी राहिली. ती शाळेची बस चालवते, अठरा वर्षं. आवाज असा, की मागच्या सीटवरची मारामारी आरशात न बघता थांबते. ती म्हणाली, "शाळेची बस थांबली असेल तर तिच्या बाजूने वीसने जायचं, हा कायदा आहे. वीस! इथे बसलेल्यांपैकी वीसने कोण जातं? हात वर करा."

एकच हात वर झाला. मर्व्हचा.

"तू खाली कर रे. तुझा हात मोजत नाही."

हॉल हसला. मर्व्हही हसला आणि त्या भरात भाषणाला उभा राहिला. स्वातंत्र्य, बापाचं फावडं, सगळं पुन्हा एकदा झालं. शंभरला हात लावाल तर खबरदार, असं म्हणून तो बसणार, इतक्यात वेन टास्करचा बांध फुटला. वेन तसा गरीब माणूस, पण पहाटे चारला उठणारा. त्यातून त्या आठवड्यात तो दोनदा मर्व्हच्या मागे अडकला होता.

"शंभर ठेवा नाहीतर हजार ठेवा!" वेन ओरडला. "हा म्हातारा पुढे असेपर्यंत आपण सगळे पंचावन्ननेच जाणार आहोत! माझी गाय अडली होती, डॉक्टरीण ह्याच्या मागे चाळीस मिनिटं! वासरू मेलं माझं! मी तीनदा पोलिसांच्या नंबरवर फोन केलाय ह्याच्याविरुद्ध, आणि पुन्हा करीन. लपवत नाही मी."

कुणी हसलं नाही. मर्व्ह टोपी घालून बाहेर गेला. ताटातला एक चीज रोल त्याने उचललेला होता, तो तसाच खिशात राहिला. घरी जाताना पहिल्यांदाच त्याचं लक्ष कुणाच्या कुंपणाकडे गेलं नाही. वासराचं त्याला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ते त्याला फार लागलं.

कौन्सिलने सगळ्यांची मतं नीट ऐकून घेतली आणि जे आधीच ठरवलं होतं तेच केलं. ऐंशी. पाट्या कधी लागतील ते यथावकाश कळेल, असं पत्र आलं. यथावकाश म्हणजे पुढच्या वर्षी, असं धरून लोक विसरले.

मर्व्हपुढे मात्र वेगळंच संकट उभं राहिलं. पंचाहत्तरावं वर्ष पुरं झालं की जुनं लायसन्स संपतं, आणि नव्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरने डोळे तपासले, उत्तम. हृदय, उत्तम. मग कागद चाळून तो म्हणाला, "मर्व्ह, तुझ्याविरुद्ध तक्रारी आल्यात. रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागेल." तारीख मिळाली ती वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची, गुरुवारची. पास झाला तर ठीक. नाहीतर शुक्रवारपासून पिकअपला हात लावायचा नाही. खोऱ्यातून गावात प्रवासी बस जात नाही, टॅक्सी येत नाही, मुलगा समुद्रापलीकडे पर्थला. म्हणजे नोलीनला भेटायचं तर शेहेचाळीस किलोमीटर चालत.

लाजेपायी त्याने कुणाला सांगितलं नाही. नोलीनलाही नाही. सांगितलं फक्त हुइयाला, कारण तिच्याकडून शिकायचं होतं.

हुइयाने त्याच्या शेजारी बसून पाहिलं आणि तीन किलोमीटरनंतर कपाळावर हात मारला. "मर्व्ह, हे गाडी चालवणं नाही, ही शेतांची पाहणी आहे. मागे माणसं खोळंबतात ह्यालाही गुण कापतात. मर्यादा शंभर आहे ना? मग पंच्याण्णवने जा. आणि हे बोट!"

"बोटाला काय झालं?"

"दर दोन मिनिटांनी हात सुटतोय स्टिअरिंगवरचा. परीक्षक शहरातला आहे, त्याला काय कळणार? लिहील, हाताची पकड सैल. दोन्ही हात घट्ट. बोट उचलायचं नाही. कुणालाही."

"अगं पण लोक काय म्हणतील?"

"लोक गेले खड्ड्यात. तुला नोलीन पाहिजे का लोक?"

आठवडाभर, खोऱ्यातली सगळी माणसं गोठ्यात असतात अशा वेळी, दोघांनी सराव केला. पंच्याण्णवला पिकअपचे दरवाजे वाजायला लागले. कुत्री पहिल्याच दिवशी उलटी करून घरी बसली ती पुन्हा गाडीत चढली नाही. पण मर्व्ह शिकला. म्हातारा होता, ढ नव्हता.

गुरुवारी परीक्षक आला तो काळ्या सुटात, काळा टाय, उंच, हडकुळा, चेहऱ्यावर रेषा हलत नाही, मांडीवर काळी फाइल. "व्हॅली रोडने दहा किलोमीटर बाहेर, आणि परत गावात, मिस्टर गिलक्रिस्ट," तो म्हणाला. "सूचना तेवढ्या मी देईन. एरवी बोलणार नाही." आणि खरंच बोलला नाही.

गुरुवार म्हणजे जनावरांच्या बाजाराचा दिवस. अख्खं खोरं समोरून येणार, हे मर्व्हच्या डोक्यातच आलं नव्हतं. गावाची हद्द संपते तिथे समोरून पहिलीच गाडी आली ती वेन टास्करची. आणि वेनने, शिव्या दिल्या होत्या तरी, रिवाजाप्रमाणे बोट उचललं.

मर्व्हचं बोट वर निघालंच होतं. साठ वर्षांची सवय ती. त्याने दात आवळले, मुठी आवळल्या, नजर थेट समोर खिळवली आणि सगळा जीव एकवटून ते बोट खाली दाबून ठेवलं. त्या दोन सेकंदांत डाव्या हाताला एक नवी कोरी पाटी मागे गेली. रस्त्यावरची माणसं त्याच सकाळी ती लावून गेली होती. मर्व्हने ती पाहिली नाही. वेन मागे गेल्यावर त्याने सुस्कारा सोडला आणि शिकवल्याप्रमाणे काटा पंच्याण्णववर नेऊन ठेवला. त्यानंतर अकरा गाड्या भेटल्या. अकरा बोटं उचलली गेली. मर्व्हने एकालाही ओळख दिली नाही, आणि प्रत्येक वेळी त्याला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता वेनने काय पाहिलं ते ऐका. मर्व्ह गिलक्रिस्ट, आरशात बघेपर्यंत वाऱ्यासारखा सुटलेला. चेहरा दगड. बोट नाही. शेजारी काळ्या सुटातला माणूस, मांडीवर फाइल. वेनने गाडी कडेला घेतली. असा सूट खोऱ्यात एकाच कामासाठी येतो.

"नोलीन गेली," त्याने बायकोला फोन केला. "अगं, मर्व्ह शंभरने चाललाय. शंभरने! शेजारी अंत्यविधीवाला आहे. आणि मी त्या माणसाला सगळ्यांसमोर काय काय बोललो."

वेनच्या बायकोने आयलीनबाईंना कळवलं, आणि आयलीनबाईंना कळवणं म्हणजे रेडिओवर सांगण्यासारखंच. मर्व्हला पाहिलेले बाकीचे अकरा जण साक्षीला होतेच. खरी गोष्ट एकट्या हुइयाला माहीत होती, आणि ती नियमाप्रमाणे फोन बंद करून बस चालवत होती. शुश्रूषागृहात फोन करून विचारावं, हे कुणाला सुचलं नाही. अशा वेळी आमच्याकडे विचारत नाहीत. धुतलेला शर्ट घालतात, फ्रीजमध्ये असेल ते झाकून घेतात आणि जातात.

इकडे चाचणी केंद्रासमोर पिकअप थांबली. मर्व्ह घामाने निथळला होता, पण खूश होता. एक चूक नाही, बोट नाही, वेग झकास. परीक्षकाने कागद त्याच्या हातात दिला.

"वेगमर्यादेचं उल्लंघन," तो म्हणाला. "ऐंशीच्या रस्त्यावर पंच्याण्णव. थेट नापास. बाकी वाहन चालवणं चांगलं आहे."

"मी? वेगाने?" मर्व्ह म्हणाला. "मी?"

"पाटी होती, मिस्टर गिलक्रिस्ट. पुन्हा परीक्षा देता येईल, पण तारीख सहा आठवड्यांनंतरची आहे."

लायसन्स रात्री बारापर्यंत चालू होतं, म्हणून मर्व्ह शेवटचा निघाला, नोलीनकडे, वीसने. तिला सांगायचं कसं, ह्याचा विचार करत शुश्रूषागृहाच्या आवारात वळला आणि ब्रेक दाबला. आवारात चौदा पिकअप उभ्या होत्या. दाराशी अख्खं खोरं. धुतलेले शर्ट, हातात झाकलेली ताटं, आयलीनबाई काळ्या टोपीत. नवऱ्याच्या आधी आत कसं जायचं, म्हणून सगळे बाहेर थांबले होते. वेन टास्कर टोपी काढून पुढे आला. डोळे लाल.

"मर्व्ह," तो म्हणाला, "फार वाईट झालं रे. माफ कर मला."

मर्व्ह कसाबसा खाली उतरला. त्याने पिकअपचं दार धरलं. त्याच्या डोक्यात एवढंच आलं की सकाळी मी इथे असायला हवा होतो आणि मी कुणा सुटवाल्याला फिरवत बसलो. "कधी?" त्याने विचारलं. "कधी गेली?"

"आम्हाला काय माहीत," वेन गोंधळून म्हणाला. "तूच तर..."

"कोण गेलं?" दारातून खणखणीत आवाज आला. नोलीनची चाकाची खुर्ची नर्सने उंबऱ्यापर्यंत आणली होती. "आयलीन, त्या ताटात चीज रोल आहेत का? आण इकडे. आणि मर्व्ह, तुझं तोंड असं का झालंय? कोण मेलंय?"

मर्व्ह धावत गेला, पंचाहत्तराव्या वर्षी अक्षरशः धावत, आणि तिचा चांगला हात दोन्ही हातांत धरून ढसाढसा रडला. सगळ्यांसमोर. ती त्याच्या पाठीवर थापटत राहिली आणि लोकांकडे बघून खुणेने विचारत राहिली, ह्याला झालंय काय.

"लायसन्स गेलं माझं," शेवटी तो म्हणाला.

"कशापायी?"

"जोरात चालवली म्हणून."

नोलीनने त्याच्याकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. लग्नाला चाळीस मिनिटं उशिरा आलेला हा माणूस, मुलगा अर्ध्या रस्त्यात गाडीत जन्मला तो ह्याच्यामुळे, आणि ह्याचं लायसन्स गेलं ते जोरात चालवली म्हणून! ती इतकी हसली की नर्स पाणी घेऊन आली. मग सगळेच हसले. काळ्या सुटाचा उलगडा झाला, पाट्यांचा उलगडा झाला, ताटं उघडली गेली आणि नोलीनच्या दुखवट्याचे चीज रोल नोलीननेच सर्वांत जास्त खाल्ले.

हसणं ओसरल्यावर तिने हळूच विचारलं, "मग उद्या कसा येशील रे?"

"मला भीती वाटतेय, नोलीन," तो म्हणाला. आयुष्यात हे वाक्य तो पहिल्यांदा बोलला असावा. आजूबाजूची माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. इतकी वर्षं ज्याला रस्त्यावरून हटवायचं म्हणत होते, तो हटला होता. कुणालाही बरं वाटेना.

"नऊला फाटकाशी उभा राहा," वेन एकदम म्हणाला. "दूध काढून झालं की मी मोकळाच असतो. परतीचं हुइया बघेल, नाहीतर दुसरं कुणीतरी. पण सांगून ठेवतो, माझ्या गाडीत मी पंचावन्नने जाणार नाही. ऐंशीने म्हणजे ऐंशीने."

"म्हणजे तू पाव तास लवकर पोचशील की रे," नोलीन मर्व्हला म्हणाली. सहज म्हणाली ती, दुसरा रोल उचलता उचलता.

रोजचा पाव तास. तीन वर्षं. टास्करची तार, कुणाचा मेंढा, कुणाचं गवत. मर्व्हने मनातल्या मनात हिशेब मांडायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिला. लायसन्स गेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वेन नऊला पोचला तर मर्व्ह साडेआठपासून फाटकाशी उभा होता. तो आत बसला, पट्टा लावला. वेनने गाडी काढली, ऐंशीवर नेली आणि बोलल्याप्रमाणे तिथेच ठेवली. दोन्ही बाजूंनी शेतं मागे जात होती. मर्व्हने एकाकडेही पाहिलं नाही. पाच-सात किलोमीटर झाल्यावर त्याने काट्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि खाकरून म्हणाला,

"वेन, जरा दाब की रे."